खाटेपासून संडासापर्यंत



स्मृतिव्याख्यानाला हे शीर्षक शोभत नाही असं कुणाला वाटलं, तर त्यांचं चुकत नाही. ‘वार्धक्य आणि रुग्णालयीन वास्तुरचना’ असं काहीतरी भारदस्त छापता आलं असतं. पण मला बोलायचं आहे ते नेमकं याच अंतराबद्दल. एखादं रुग्णालय म्हाताऱ्या माणसांसाठी कसं आहे हे ठरवायचं असेल, तर तिथली यंत्रं, तज्ज्ञांच्या नावांची पाटी किंवा प्रवेशद्वारातलं कारंजं बघू नये. पंच्याहत्तरीचा रुग्ण रात्री दोन वाजता खाटेवरून उठून, स्वतःच्या पायांनी संडासाला जाऊन परत येऊ शकतो का, हे बघावं. येऊ शकत असेल, तर त्या इमारतीतल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी बऱ्या असणार. येऊ शकत नसेल, तर आत उपचार कितीही उत्तम होत असोत, इमारत त्या उपचारांच्या विरुद्ध काम करते आहे.

हा प्रवास जरा जवळून बघू. जनरल वॉर्डातली लोखंडी खाट उंच असते. डॉक्टरांना तपासताना आणि सिस्टरना सुई टोचताना वाकावं लागू नये, ही त्या उंचीमागची सोय. वर गादी पडली की उतारवयात उंची घटलेल्या बाईचे पाय जमिनीला टेकत नाहीत. उतरायला लोखंडी पायरी असते, पण ती खाटेखाली सरकवलेली. खाली चटईवर घरचं माणूस झोपलेलं, त्याला ओलांडायचं. हाताला सलाईन असेल तर स्टँड ढकलत न्यायचा. त्याची चाकं फरशीच्या सांध्यांत अडकतात. निजलेलं माणूस एकदम उभं राहिलं की या वयात रक्तदाब क्षणभर उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नेमकं तेव्हा हाताशी धरायला काही नसतं. संध्याकाळी लघवी होण्याची गोळी दिलेली असेल तर घाई वेगळी. दिव्यांची सोय दोनच प्रकारची : अख्ख्या वॉर्डाला जागं करणारी ट्यूब, नाहीतर काळोख. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदू असेल, तर गुळगुळीत फरशीवर पडलेली दिव्याची तिरीप सांडलेल्या पाण्यासारखी भासते, आणि खरोखर सांडलेलं पाणी दिसत नाही. पुढे संडासाचा उंबरठा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन-तीन इंच उचललेला. आत भारतीय बैठक. किंवा पांढऱ्या टाइल्सच्या भिंतीपुढे पांढरा कमोड, जो अंधुक नजरेला भिंतीतच विरून जातो. उठताना धरायला दांडी नाही, म्हणून हात जातो तो नळावर. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरच्यांना ते उघडता येत नाही.

यातला एकेक अडथळा किरकोळ आहे. एकत्र आले की ते म्हाताऱ्या माणसाला काहीतरी शिकवतात, आणि तो फार लवकर शिकतो. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळनंतर तो पाणी प्यायचं सोडतो. मग शरीर कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ सुरू होते, डोकं ठिकाणावर राहत नाही. हे सगळं केसपेपरवर नवे आजार म्हणून नोंदलं जातं. त्यावर वॉर्डाचं उत्तर ठरलेलं असतं : भांडं, डायपर, किंवा लघवीची नळी. नळी ही वय झालेल्या रुग्णाला खाटेला बांधून ठेवण्याची सगळ्यांत सभ्य दोरी आहे. कुणाच्या मनात वाईट नसतं. मावशींच्या वाट्याला वीस-पंचवीस खाटा असतात, आणि एकेकाला हाताला धरून नेण्यापेक्षा भांडं देणं लवकर होतं. इमारतीने जे अवघड केलं, ते माणसं अशा रीतीने निभावून नेतात.

निजून राहण्याची किंमत काय असते, हे मोजलं गेलं आहे. २००७ साली अमेरिकेत काही निरोगी, चालत्याफिरत्या, सरासरी सदुसष्ट वयाच्या स्वयंसेवकांना दहा दिवस नुसतं खाटेवर ठेवलं. आजार नाही, शस्त्रक्रिया नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला स्नायूंचा भाग सरासरी जवळजवळ एक किलोने घटला. आता याच्याशेजारी दुसरी पाहणी ठेवू. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या २,२९३ रुग्णांची ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. अंघोळ, कपडे, जेवण, उठणं-बसणं, संडास, या रोजच्या पाच गोष्टींत घरी जाताना ३५ टक्के रुग्ण आजारापूर्वीपेक्षा परावलंबी झालेले होते. यावर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, आजारच तसा असेल, त्यात भिंतींचा काय दोष? बरोबर आहे. त्या ३५ पैकी २३ टक्के दाखल होण्यापूर्वीच खालावले होते आणि नंतर सावरले नाहीत. पण उरलेले १२ टक्के दाखल झाले तेव्हा पूर्वीइतकेच धड होते, ते रुग्णालयात असताना खालावले. माझा रोख मुख्यतः या बारांवर आहे. आणि त्या तेविसांतल्या काहींनाही पुन्हा उभं करता आलं असतं की काय, ही शंका उरतेच.

खाट आणि संडास यांच्यातलं हे अंतर आलं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांच्या बांधणीवर पुस्तक लिहिलं, आणि लांबलचक, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या वॉर्डाचा नमुना जगभर पसरला. त्या नमुन्यात संडास-मोऱ्या वॉर्डाच्या टोकाला असत, मध्ये हवा खेळती राहील अशी जागा सोडून. रोग दूषित हवेतून येतो ही त्या काळची समजूत. तेव्हा दुर्गंधी जितकी लांब तितकं आरोग्य जवळ. म्हणजे संडास दूर ठेवणं हा त्या वेळी विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय होता. पुढे जंतू सापडले, सांडपाण्याचे नळ सुधारले, दूषित हवेचा सिद्धान्त मागे पडला. अंतर मात्र तसंच राहिलं, कारण नकाशे नकाशांवरून काढले जातात. शिवाय तो नमुना ज्याच्यासाठी होता तो रुग्ण जखमी सैनिक होता, कामगार होता. पाय शाबूत असले तर चाळीस-पन्नास पावलं त्याला जड नव्हती. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला पोचलं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती, तेव्हा देशाचा आकडा ८.६ होता. वॉर्डातल्या खाटांवरचं प्रमाण याहून मोठं असतं, हे कुठल्याही मेडिसिन किंवा हाडांच्या वॉर्डात संध्याकाळच्या भेटीच्या वेळी एक फेरी मारली तरी दिसतं.

गंमत अशी की त्या जुन्या नमुन्यातली जी गोष्ट ठेवायला हवी होती ती आपण टाकली. खिडकी. जुन्या दगडी इमारतींचे व्हरांडे आणि उंच खिडक्या आज आपल्याला सुंदर वाटतात, पण त्यांचा खरा उपयोग असा की निजलेल्या माणसाला सकाळ झाली की दुपार, हे विचारावं लागत नसे. नव्या वातानुकूलित विभागांत, विशेषतः आयसीयूत, चोवीस तास एकच वेळ असते. म्हातारा माणूस तिथे तिसऱ्या दिवशी मुलाला ओळखेनासा होतो, सलाईन उपटतो, मेलेल्या भावाशी बोलतो. घरचे म्हणतात, वात झाला. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. आजार, औषधं, ताप ही त्याची कारणं आहेतच, पण खोलीही एक कारण आहे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर खिडकी नसलेल्या अतिदक्षता विभागात ४० टक्के रुग्णांना असा भ्रम झाला होता, खिडकी असलेल्या विभागात १८ टक्क्यांना. १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ८५२ वृद्ध रुग्णांवर जे काम झालं ते अधिक काटेकोर होतं. तारीख-वार आणि आजच्या सिस्टरचं नाव लिहिलेला फळा, रात्री आवाज कमी, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी, पाणी वेळेवर, दिवसातून काही वेळा चालणं. एवढ्या साध्या गोष्टींनी भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. यातला फळा आणि शांतता हा तर खोलीच्या रचनेचाच भाग आहे.

मग रचना बदलून फरक पडतो का? इथे दोन प्रयोग सांगतो. पहिला लंडनच्या पश्चिमेला, वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात. १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या जुन्या, निराधार गरिबांसाठीच्या इस्पितळातले सातशेच्या वर रुग्ण सोपवले गेले, त्यांतले बरेच वर्षानुवर्षं निजून होते. वॉरनबाईंनी त्यांना एकेक करून तपासलं, वर्गवारी केली आणि त्याचबरोबर जागेला हात घातला : भिंतींना उजळ रंग, नीट दिवे, धरायला दांड्या, अंगावर रंगीत पांघरुणं. असाध्य म्हणून टाकून दिलेल्यांपैकी कितीतरी लोक चालू लागले आणि घरी गेले. ब्रिटनमधल्या वृद्धवैद्यकाची सुरुवात तिथून मानतात. दुसरा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. ६५१ रुग्ण, सगळे सत्तरीपुढचे. कोण कुठल्या वॉर्डात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एका वॉर्डात मोकळे, अडगळ नसलेले रस्ते, भिंतीला दांड्या, मोठी घड्याळं आणि कॅलेंडरं, उंच कमोड, आणि सिस्टर-डॉक्टरांच्या रोजच्या बैठकीत एकच प्रश्न : हा माणूस स्वतःचं काय काय करू शकतो? घरी जाताना या वॉर्डातले ३४ टक्के रुग्ण रोजच्या कामांत सुधारलेले होते, नेहमीच्या वॉर्डातले २४ टक्के. घरी न जाता दीर्घकालीन शुश्रूषागृहात जावं लागलेले इथे १४ टक्के, तिथे २२. आणि रुग्णालयाचं बिल दोन्हीकडे जवळपास सारखंच.

आता आक्षेप. पहिला आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि त्याला मी मान देतो. क्लीव्हलँडमध्ये भिंतीही बदलल्या आणि माणसंही. श्रेय दांडीला द्यायचं की सिस्टरला? तेवढ्या प्रयोगावरून ते वेगळं काढता येत नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा सुप्रसिद्ध अभ्यासही घ्या, ज्यात खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तो पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या अवघ्या ४६ रुग्णांवरचा आहे. त्यावर वास्तुविशारद जेवढा डोलारा उभा करतात तेवढा तो पेलत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वॉर्डांमध्ये जमिनीलगत जाणाऱ्या खास खाटा आणून बघितल्या. पडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणजे सुटी वस्तू विकत आणून भागत नाही. पण यावरून ‘रचनेने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. सिस्टरने रुग्णाला चाला म्हणायचं आणि वाटेत धरायला काही नाही, किंवा दांडी आहे पण कुणी उठू देत नाही. दोन्ही ठिकाणी माणूस खाटेवरच राहणार. जागा आणि सेवा यांचा गुणाकार होतो. एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असून उपयोग नाही.

दुसरा आक्षेप वॉर्डातून येतो, आणि तो अधिक जोरदार आहे. चालू दिलं तर पडतील. खुब्याचं हाड मोडलं तर घरचे जाब विचारतील, प्रकरण कोर्टात जाईल. म्हणून कठडे वर करा आणि निजवून ठेवा. ही भीती खोटी नाही. पण निजवून ठेवण्याने पडणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरतो आणि मग अधिक उंचीवरून पडतो. आणि शहाण्यासारखा निजून राहिलेला आठ दिवसांनी, पायांतलं बळ गेल्यावर, घरच्या मोरीत पडतो. तो आकडा रुग्णालयाच्या वहीत येत नाही एवढंच. पडण्याची नोंद होते, न चालण्याची होत नाही. म्हणून व्यवस्था नोंद होणाऱ्या गोष्टीला घाबरते.

पैशाचा आक्षेप मात्र मला तितका खरा वाटत नाही. संडास वॉर्डाच्या टोकावरून उचलून खाटांजवळ आणणं खर्चिक आहे, जुन्या इमारतीत कधी अशक्यही आहे. पण वाटेत प्रत्येक पंधरा-वीस फुटांवर हात असलेली एक खुर्ची ठेवणं, गुडघ्याच्या उंचीवर फरशीकडे झुकलेले मंद दिवे लावणं, दार बाहेर उघडेल असं करणं, कमोडचं झाकण गडद निळं बसवणं, उंबरठा फोडून उतार काढणं, याला काय लागतं? दांडीचंच बघा. पुष्कळ रुग्णालयांच्या बोळांत भिंतीला सलग लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी असते. ती स्ट्रेचर आदळून भिंतीचा रंग खरवडू नये म्हणून. तीच पट्टी भिंतीपासून दोन बोटं सुटी आणि मुठीत मावेल अशी गोल केली असती, तर माणसालाही धरता आली असती. रंगाची काळजी घेणाऱ्या नकाशाला माणूस आठवला नाही. उतारांचंही तसंच : एक फूट चढायला बारा फूट लांबी हे प्रमाण सुगम्यतेच्या सरकारी निकषांत आहे, पण कित्येक ठिकाणचा उतार इतका उभा असतो की दोन तगडे वॉर्डबॉय ट्रॉली रेटतील असंच त्यात गृहीत असतं.

‘आपल्याकडे घरचं माणूस असतंच की शेजारी,’ असं म्हणणारेही भेटतात. असतं, आणि ते आपलं मोठं बळ आहे. परदेशातले वॉर्ड जे पगारी माणसांकडून करून घेतात ते आपल्याकडे सून, मुलगा, बहीण करतात. पण त्या माणसाला नकाशात जागा असते का? त्याच्यासाठी खुर्ची नाही, पाठ टेकायला बाक नाही, म्हणून तो जमिनीवर निजतो आणि रुग्णाच्या वाटेतला पहिला अडथळा होतो. बायकांच्या वॉर्डात रात्री मुलाला थांबू देत नाहीत, आणि सून कामावर जाते. म्हातारा-म्हातारीच फक्त घरी असतील, तर ऐंशीचा नवरा अठ्ठ्याहत्तरच्या बायकोला उचलणार का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

खासगी रुग्णालयांनी याचं उत्तर स्वतंत्र खोल्यांत शोधलं आहे, संडास खोलीतच. अंतराचा प्रश्न त्याने सुटतो हे मान्य करायला हवं. पण चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची दारं आणि छतातले झगझगीत दिवे ही हॉटेलाची भाषा झाली. मोतीबिंदूच्या डोळ्याला ती वाचता येत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्स इथे २०११ साली सगळ्याच खोल्या स्वतंत्र असलेलं सरकारी रुग्णालय उघडलं, तेव्हा अभ्यासकांनी त्यावर लक्ष ठेवलं. रुग्णांना एकांत आवडला, पण सिस्टरांची पायपीट वाढली, आणि नव्या इमारतीत हलल्यावर पडण्याच्या घटना काही काळ वाढल्या. बंद दारामागे कोण उठतंय हे दिसत नाही. शिवाय एकटा पडलेला म्हातारा बोलायलाच विसरतो. चार-सहा खाटांची खोली, तिला लागून संडास आणि सिस्टरच्या टेबलावरून सगळ्या उशा दिसतील अशी मांडणी आपल्याला अधिक मानवेल, असं माझं मत आहे.

कायदा आपल्याकडे आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं विसावं कलम सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा आणि वेगळी रांग असावी असं सांगतं. वेगळी रांग लागलीही. केसपेपरच्या खिडकीवर पाटी असते. रांगेत उभ्या असलेल्यांसाठी बाक असावा असं मात्र कलमात लिहायचं राहिलं. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग आणि निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रादेशिक केंद्रं ठरली, त्यांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय आहे. हे चांगलंच आहे. पण म्हातारी माणसं त्या दहा खाटांवर मावत नाहीत. ती हाडांच्या वॉर्डात असतात, डोळ्यांच्या, छातीच्या, सर्जरीच्या वॉर्डात असतात. तेव्हा वेगळा वॉर्ड बांधण्यापेक्षा प्रत्येक वॉर्ड त्यांना चालेल असा करणं जास्त गरजेचं आहे. पंच्याहत्तरीला जे जमतं ते पंचविशीच्या प्लास्टर घातलेल्या पायाला आणि बाळंतिणीलाही जमतं. उलटं होत नाही.

या सभागृहात रुग्णालयांचे विश्वस्त असतील, नगरपालिकेच्या बांधकाम समितीवरचे सभासद असतील, वास्तुविशारद असतील. त्यांना एक विनंती आहे. पुढच्या नूतनीकरणाचा नकाशा मंजुरीला येईल, तेव्हा एक रात्र आपल्याच जनरल वॉर्डात काढा. चष्मा काढून ठेवा, एका हाताला सलाईनचा स्टँड बांधून घ्या, आणि दोन वाजता उठून संडास शोधा. नकाशावर सही त्यानंतर करा.